समुद्रसपाटीचा आकडा

डोंगरावरच्या वेधशाळेत दोन माणसं कामाला होती आणि त्यांना पगार मिळायचा तो हवेवर लक्ष ठेवण्याचा. तुम्हाआम्हाला वाटतं, हवा ती हवा, तिच्यावर कसलं आलंय लक्ष, ती काय गाठोडं बांधून पळून जाणार आहे? पण हवाकाकांसमोर असं कुणी बोललं की त्याची धडगत नसायची. काका त्याला दंडाला धरून आत न्यायचे, बॅरोमीटरच्या काचेच्या नळीसमोर उभं करायचे आणि अर्धा तास सोडायचे नाहीत.

"डोक्यावर हवा किती आहे, ठाऊक आहे?" ते विचारायचे. "एक रस्ता सरळ आभाळात उभा करा आणि त्यावर जीप घाला. दहा-बारा मिनिटांत अशा ठिकाणी पोचाल की जिथे माणूस तग धरत नाही. एवढीच आहे ती. एवढ्याशा थराखाली सगळ्यांचा संसार चाललाय, झाडांचा, पाखरांचा, तुमचा, माझा. हा थर नसता तर दिवसा करपलो असतो, रात्री गोठलो असतो, आणि तक्रार करायला तोंड उघडलं तर आवाजसुद्धा फुटला नसता."

हवाकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे उरलंच नव्हतं. वेधशाळेच्या आजूबाजूला वीस-बावीस घरांची वस्ती होती. तिथलं कुणी ना कुणी येता-जाता "काका, आज हवा काय म्हणते?" असं विचारायचं, त्यातून ते चिकटलं. एकोणतीस वर्षं झाली होती त्यांना तिथे, निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेलेली, त्यामुळे घरात काका आणि काकू दोघंच. घर वेधशाळेच्या मागे, चौदा दगडी पायऱ्या चढून वर.

त्या उंचीवर हवा विरळ. खाली तीन भाग असेल तर वर जेमतेम दोन. खालून आणलेला बिस्किटांचा पुडा टम्म फुगायचा, बटाटे कुकरशिवाय शिजायचं नाव घेत नसत, आणि नवा माणूस त्या चौदा पायऱ्या चढून आला की 'नमस्कार' म्हणायच्या आधी दाराची चौकट धरायचा. काकू त्याला पाट देत नसत की पाणी देत नसत, आधी नुसतं उभं राहू देत. "दम खा, मग बोल," म्हणायच्या. "हवा इथे रेशनवर मिळते."

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला. काका रोज चार वेळा बॅरोमीटर बघायचे. आधी शेजारचा तापमापक, कारण माणूस जवळ उभा राहिला की त्याच्या अंगाच्या उबेनेही पारा हलतो. मग नळीवर नखाने हळूच टिचकी, मग डोळा पाऱ्याच्या बरोबरीला आणून आकडा. तो यायचा सहाशे ऐंशीच्या आसपास. पण हा आकडा खालच्या मुख्य कचेरीला कधीच कळवायचा नसतो. खाली नकाशा काढतात. त्या नकाशावर डोंगरावरची ठाणी असतात, समुद्राकाठची असतात, आणि प्रत्येकाने आपापला आकडा जसाच्या तसा दिला तर डोंगरावर बारा महिने वादळ आहे असं दिसेल, कारण आकडा पडला की वादळ समजतात. म्हणून प्रत्येक ठाणं हिशेब करतं, की आम्ही समुद्रकाठी असतो तर आमचा आकडा किती आला असता. वहीत तीन रकाने. पहिल्यात वाचन, दुसऱ्यात दुरुस्ती, तिसऱ्यात दुरुस्त आकडा, म्हणजे समुद्रसपाटीवर आणलेला. एक हजार बारा वगैरे. फोनवर सांगायचा तो फक्त तिसरा.

हे नवीला पहिल्या आठवड्यात ठाऊक नव्हतं. नवी म्हणजे काकांच्या हाताखाली आलेली दुसरी निरीक्षक. येऊन आठ महिने झाले तरी सगळे तिला नवीच म्हणत. तिने पहिल्यांदा फोन केला तेव्हा बिनधास्त "सहाशे ऐंशी" सांगून टाकलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, तसं असेल तर तुमचं छप्पर अजून जागेवर आहे का ते बघून या." काका तिच्यावर ओरडले नाहीत, पण दोन दिवस पुरेल एवढं बौद्धिक घेतलं. "खालच्या माणसाला वरचा कच्चा आकडा द्यायचा नाही," ते म्हणाले. "त्याला तो कळत नाही आणि तो उगाच घाबरतो. आपण आपलं त्याच्या भाषेत करून द्यायचं." नवीने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

त्या थंडीत काकूंच्या छातीने दगा दिला. खोकला आला, गेला, पण जाताना काहीतरी घेऊन गेला. काकूंच्या बोलण्याला एरवी पूर्णविराम ठाऊक नव्हता. स्वयंपाकघरातून सुरू झालेलं वाक्य पायऱ्या उतरून वेधशाळेत यायचं आणि काकांची कानउघाडणी करून परत वर जायचं. त्या मधेच थांबायला लागल्या. काका त्यांना खाली शहरात छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी फोटो काढला, फुंकर मारायला लावली आणि सांगितलं की फुफ्फुसं आकसली आहेत, वर राहण्यात अर्थ नाही, आत्ताच खाली राहा.

"अकरा महिन्यांनी येतोच आहोत की," काकू म्हणाल्या. "तोवर यांना वर एकटं टाकून मी इथे काय करू? यांना दुधाचं पातेलं कुठलं ते अजून कळत नाही."

डॉक्टर मऊ स्वभावाचे होते, शिवाय काकूंपुढे कुणाचं चाललंय? शेवटी त्यांनी बोटाला लावायचं एक चिमट्यासारखं यंत्र दिलं. रक्तात प्राणवायू किती पोचतोय ते त्यावर उमटतं. "रोज सकाळी लावायचं आणि मला आकडा कळवायचा," डॉक्टर म्हणाले. "तुमची उंची मी धरली आहे. पंच्याऐंशीच्या खाली गेला की त्याच दिवशी यांना खाली आणायचं, विचारत बसायचं नाही."

काकांनी पंच्याऐंशी खिशातल्या वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. उंची धरल्याचं वाक्य मात्र त्यांच्या कानावरून गेलं. रोजचं वाचन सकाळी नेमकं किती वाजता घ्यावं, साडेआठच्या आधी की नंतर, याचा विचार तेव्हा त्यांच्या डोक्यात चालला होता.

घरी येताच त्यांनी नवी वही आखली. किती रकाने, ते सांगायला नको. मग सात दिवस यंत्र स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं. त्यांचा आकडा यायचा नव्वद. यंत्राच्या खोक्यात एक कागद होता, त्यावर लिहिलं होतं की धडधाकट माणसाचा अठ्ठ्याण्णव असतो. म्हणजे उंचीमुळे आठ कमी पडतात. दुरुस्ती आठ. काकांना इतकं समाधान झालं की त्यांनी ते काकूंना दोनदा समजावून सांगितलं. पहिल्या दिवशी काकूंचा आकडा आला शहाऐंशी. शहाऐंशी आणि आठ चौऱ्याण्णव. काकांनी फोन लावला, डॉक्टरांच्या मदतनिसाला "चौऱ्याण्णव" सांगितलं, तो "छान" म्हणाला, आणि काकांनी त्यापुढे बरोबरची खूण केली.

आता तुम्ही म्हणाल, एवढा शहाणासुरता माणूस, आणि असं कसं केलं? मीही आधी तेच म्हटलं होतं. पण जी गोष्ट एकोणतीस वर्षं दिवसातून चार वेळा केली, ती हात आपसूक करतो, डोक्याला विचारायला थांबत नाही. आणि दुसरंही एक आहे, ते लपवण्यात काय हशील? आकडा चांगला आला की माणूस त्याला उलटतपासणी करत नाही. काकांना तिथून उतरायचं नव्हतं. निवृत्तीचा शेवटचा फोन आपण आपल्या हाताने करायचा, मग काकूंना घेऊन उतरायचं, हे त्यांनी मनात पक्कं धरलं होतं. चौऱ्याण्णव त्यात छान बसत होता.

दुसऱ्या आठवड्यात वाचन त्र्याऐंशीवर आलं. वहीत एक्याण्णव. काकू सकाळी पलंगाच्या काठावर बसून राहायला लागल्या.

"अहो, आज... नाही होत," एकदा त्या म्हणाल्या.

"अगं, एक्याण्णव आहे तुझं. एवढ्या आजारपणानंतर कुणाला एक्याण्णव मिळालं तर तो उड्या मारेल."

"अंगात... काही नाहीच."

"बसून राहिलं की अंग जडच होणार ना? जरा हिंडफिर कर, बरं वाटेल."

ते काही ओरडून बोलले नव्हते. उलट लाडानेच बोलले होते, पाठीवर हात फिरवून. काकू उठल्या. त्या दिवशी त्यांनी चार बटाटे सोलले, आणि प्रत्येक बटाट्यानंतर सुरी खाली ठेवून थोडा वेळ भिंतीकडे पाहत बसल्या. दुपारी त्या चौदा पायऱ्या उतरल्या आणि परत चढल्या. काकांनी वेधशाळेच्या खिडकीतून पाहिलं, प्रत्येक पायरीवर थांबत का होईना, पण हिंडते आहे, आणि त्यांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही त्या उतरल्या. तिसऱ्या दिवशी अर्ध्यावरून परत फिरल्या. काकांनी खिडकीतून हात दाखवला.

घर हळूहळू गप्प झालं. काकू दोन शब्दांपुढे जात नव्हत्या. चहात साखर विसरली तरी बोलणी नाहीत, चिखलाचे बूट आत नेले तरी नुसती एक नजर. काकांना वाटलं, रुसली आहे. खाली राहिली असती तर बरं झालं असतं, असं तिला आता वाटत असेल आणि ते कबूल करायचं नसेल. त्यांनी खालून येणाऱ्या जीपवाल्याकडून तिच्या आवडीच्या रंगाची लोकर मागवली. काकूंनी ती मांडीवर घेतली आणि सुया मात्र उचलल्या नाहीत.

पाचव्या आठवड्यात वाचन अठ्ठ्याहत्तरवर आलं. वहीत शहाऐंशी. काका त्या दोन रेघा मारलेल्या पंच्याऐंशीकडे आता रोज बघायचे, एखादं वादळ किती लांब आहे ते बघावं तसे. अजून एकाचं अंतर आहे, ते मनाशी म्हणायचे, आणि अंगाला सुटलेला घाम थंडीत पुसायचे. तेव्हा तरी वही बाजूला ठेवून बायकोच्या चेहऱ्याकडे पाहावं की नाही? नाही पाहिलं. आकड्याच्या माणसाला चेहरा म्हणजे ऐकीव बातमी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी नवीची होती, काका मागच्या खोलीत फुग्याच्या दोऱ्या तपासत होते. वेधशाळा दिवसातून एकदा यंत्र बांधलेला फुगा वर सोडते, त्यासाठी मागे हायड्रोजनच्या अकरा टाक्या होत्या. काकू आठ महिने नवीला रोज डबा पाठवायच्या, आणि गेले दहा दिवस डबा बंद होता. नवीला डब्याचं काही नव्हतं, पण कुणी काही बोलतही नव्हतं. तिने साडेआठचा फोन उरकला आणि त्या चौदा पायऱ्या चढून वर गेली.

दहा मिनिटांनी ती परत आली तेव्हा तिच्या हातात काकूंची वही होती.

"काका, हा तिसरा रकाना कशाचा?"

"दुरुस्त आकडा." काकांनी दोरीवरची नजर काढली नाही.

"दुरुस्त म्हणजे?"

"अगं, एवढे महिने काय शिकलीस? समुद्रसपाटीवर आणलेला. आठ मिळवायचे. माझ्या बोटावर सात दिवसांची सरासरी काढली आहे, अंदाजपंचे नाही."

"डॉक्टरांना कुठला सांगता?"

"तिसराच. कच्चा आकडा देऊन खालच्या माणसाला घाबरवायचं असतं का?"

 नवीने वही दोऱ्यांच्या वर ठेवली, अगदी काकांच्या नाकासमोर.

"काका, काकूंचे ओठ निळे पडलेत. मी आत्ता यंत्र लावलं. सत्याहत्तर आहे."

"म्हणजे पंच्याऐंशी," काकांच्या तोंडून निघून गेलं. "खाली नाही गेला अजून."

"नकाशासाठी ठीक आहे," नवी म्हणाली.  "नकाशाला श्वास घ्यायचा नसतो. काकूंच्या छातीत जाते ती पहिल्या रकान्यातली हवा. तिसऱ्या रकान्यातली हवा इथे कुठे आहे, काका? ती फक्त वहीत आहे."

काकांनी तोंड उघडलं. या पोरीला पहिल्यापासून पुन्हा शिकवायला हवं, असं म्हणायला ते निघाले होते, आणि समजावायला लागावं म्हणून त्यांनी मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवायला घेतलं. ते जुळेना. उंचीची दुरुस्ती म्हणजे आपण तिथे नसून खाली असतो तर. असतो तर. बायको तर वरच होती, चौदा पायऱ्यांवर, पलंगाच्या काठाला धरून. आणि डॉक्टरांनी उंची धरूनच पंच्याऐंशी सांगितलं होतं, तेही आता पाच आठवड्यांनी त्यांना लख्ख ऐकू आलं. त्यांनी वही उघडली. चौदा दिवसांपूर्वीच्या, बारा दिवसांपूर्वीच्या, दहा दिवसांपूर्वीच्या ओळीतला पहिला रकाना वाचला. त्र्याऐंशी, ब्याऐंशी, ऐंशी. सुंदर अक्षर होतं. पुढे प्रत्येक ओळीला बरोबरची खूण.

 दोऱ्यांच्या ढिगावरच ते खाली बसले.

नवीने फोन लावून दिला. पलीकडून मदतनीस नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बोला काका, आज किती?"

"डॉक्टरांना द्या."

डॉक्टर फोनवर आले. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा खाली पहिला रकाना कळवला. "सत्याहत्तर."

"काल शहाऐंशी होता ना?"

"काल अठ्ठ्याहत्तर होता. मी आठ मिळवत होतो. रोज मिळवत होतो."

 काकांना वाटलं आता हे शिव्या देतील, आणि दिल्या तर बरं होईल. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "वर प्राणवायूची टाकी आहे?"

"नाही." हायड्रोजनच्या अकरा आहेत, हे ते बोलले नाहीत.

"जीप?"

"आहे. जीपवाला सकाळीच वर आलाय."

"मग फोन ठेवा आणि निघा. खाली उतरणं हेच त्यांचं औषध आहे. जितकं उतराल तितकं मिळत जाईल."

काका पायऱ्या चढले. काकू पलंगाच्या काठावर, दोन्ही हात गादीवर टेकून, खांदे वर करून बसल्या होत्या. गेले कित्येक दिवस त्या तशाच बसत होत्या. काका त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. काय सांगायचं ते पायऱ्यांवर ठरवलं होतं, ते सगळं उडालं.

"अगं, माझं चुकलं," ते म्हणाले. "तुझा आकडा कधीच नव्वदीत नव्हता. मी त्यात आठ मिळवून सांगत होतो. तुलाही आणि त्यांनाही. तुला खरंच होत नव्हतं आणि मी तुला उठवत होतो."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चला."

एवढंच. काकांना त्या एका शब्दाची जितकी भीती वाटली, तितकी आजवर कुठल्या वादळाची वाटली नव्हती.

काका आणि जीपवाल्याने काकूंना खुर्चीत बसवून खुर्चीसकट पायऱ्या उतरवल्या. नवीने एक पिशवी भरून दिली, दोन कपडे, औषधं, ती लोकर. काकांनी घराला कुलूप लावलं आणि किल्ली नवीच्या हातात दिली. काकू आता परत या दारातून आत जायच्या नाहीत, हे त्यांना त्या वेळी कळलं. वाईट वाटायला सवड नव्हती. "पुढचे फोन तू बघ," ते म्हणाले आणि जीपमध्ये चढले.

रस्ता वळणावळणाचा, एकाखाली एक. काकू मागच्या बाकावर काकांच्या खांद्याला टेकून बसल्या होत्या, बोटाला यंत्र.  काका आकडा मोठ्याने वाचायचे, जीपवाला आरशातून मान डोलवायचा. अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी. झाडं सुरू झाली तिथे ऐंशी आला. काकांनी हिशेब केला नाही, काही मिळवलं नाही, वजा केलं नाही. यंत्र जे म्हणेल ते. खरा आकडा असा नुसता उच्चारायला किती सोपा होता, आणि आपण पाच आठवडे त्याला नटवत बसलो, या विचाराने त्यांचं तोंड कडू झालं.

"पाणी द्या," अर्ध्या वाटेवर काकू म्हणाल्या. मग दोन घोट घेऊन, "खिडकी लावा, कानात वारं जातंय."

काकांनी खिडकी लावली. पाच शब्द सलग आले होते. त्यांनी ते मनातल्या मनात पुन्हा मोजले.

पुढे दरी रुंदावली, शेतं लागली, कानात दडे बसून सुटले. त्र्याऐंशी. पंच्याऐंशी. जीपवाल्याने घाट संपल्यावर एका टपरीपाशी इंजिनात पाणी घालायला गाडी थांबवली. ऊन होतं, उकडत होतं, धूळ होती. काकूंनी डोळे उघडले, सरळ बसल्या, एक श्वास घेतला आणि तो मध्ये कुठे अडतो का ते बघितल्यासारखा हळूच सोडला. मग आणखी एक घेतला. काकांनी नाव घेऊन हाक मारावी की नाही असा विचार केला, तेवढ्यात काकू सुरू झाल्या.

"एक्याण्णव म्हणे. पाच आठवडे मी रोज सकाळी स्वतःला शिव्या घालत उठत होते, कळतंय का तुम्हाला, की बाई तुझा आकडा एवढा चांगला आहे, नवरा एवढं समजावून सांगतोय, मग तुला का होत नाही, तू आळशी झालीस, तू सोंगं करतेस, म्हातारपणी कामचुकार झालीस, आणि त्या पायऱ्यांवर मी बसले ना त्या दिवशी, अर्ध्यावर, तेव्हा रडले मी, दम लागला म्हणून नाही, आपल्याला लाज कशी वाटत नाही म्हणून रडले, आणि तुम्ही आपले खिडकीतून हात दाखवताय."

जीपवाला पाण्याचा डबा हातात धरून जागच्या जागी थबकला होता. काकू थांबल्या, पण दमल्या म्हणून नव्हे. त्या काकांकडे पाहत होत्या.

"मी खरंच आजारी होते ना?" त्यांनी विचारलं. "सोंग नव्हतं ना ते?"

 एकोणतीस वर्षं काकांनी जगाला हवेचं महत्त्व सांगितलं होतं, आणि घरातल्या माणसाला स्वतःच्या छातीवर विश्वास ठेवू दिला नव्हता.

"नव्हतं," ते म्हणाले. "तुझं सगळं खरं होतं. खोटा मी होतो."

काकूंनी डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की बघणाऱ्याला वाटावं, डॉक्टरांनी ठणठणीत बरं झाल्याचं सांगितलंय. आजारी असल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस काकांनी दुसरं पाहिलं नव्हतं. ते तिथे, टपरीसमोर, परक्या माणसांच्या देखत, रुमाल न काढता रडले.

"रडू नका, लोक बघतायत," काकू म्हणाल्या. "आणि अजून माझं बोलणं संपलेलं नाही."

"बोल," काका म्हणाले.

जीपवाल्याने बॉनेट बंद केलं आणि गाडी सुरू केली. काकू पायऱ्यांपासून पुन्हा सुरू झाल्या आणि दवाखान्याच्या दारापर्यंत बोलत राहिल्या. काकांनी पुढचा एकही आकडा वाचला नाही.